जन्मापासून एचआयव्ही आहे आणि आता आई व्हायचे आहे: कोणाला विचारावे?

कृष्णाकाठ:

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. माझे वय २८ वर्षे आहे. मला एचआयव्हीची लागण जन्मतःच, आईकडून झाली. आईवडील मी लहान असतानाच गेले आणि मावशीने मला वाढवले. २००६ च्या अखेरीस सरकारने लहान मुलांसाठी एचआयव्हीचा उपचार कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर काही महिन्यांतच माझी औषधे सुरू झाली आणि तेव्हापासून आजपर्यंत एकही महिना खंड पडलेला नाही. आधी नेव्हिरापिन होते, मग इफाव्हिरेन्झ आले आणि गेली काही वर्षे डोल्युटेग्राव्हिर असलेली एकच गोळी रोज घेते. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजणाऱ्या तपासणीच्या, मागील दोन्ही अहवालांत विषाणू आढळलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे लग्न झाले. यजमानांना लागण नाही. लग्नाआधीच मी त्यांना सर्व सांगितले होते आणि ते विचार करून हो म्हणाले. सासूबाईंना मात्र काहीही माहीत नाही. आम्ही आजवर निरोध वापरत आलो. आता आम्हाला मूल हवे आहे.

माझी अडचण अशी आहे. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी केंद्रात, गोळ्या वेळेवर मिळतात, वजन होते, किती गोळ्या उरल्या ते मोजले जाते. गोळी कशी आणि केव्हा घ्यायची हे मला दहाव्या वर्षापासून पाठ आहे. परंतु पाळी, लग्न, शरीरसंबंध, मूल यांबद्दल मला त्या टेबलावर कोणी कधी विचारले नाही आणि मीही विचारण्याचे धाडस केले नाही. गेले तीन-चार महिने अंगावरून पांढरे जात आहे, ते सांगितले तेव्हा ‘स्त्रीरोग विभागात जा’ असे उत्तर मिळाले. मी एका खासगी दवाखान्यात गेले. तेथील डॉक्टरांनी माझे ग्रीन बुक (एचआयव्ही उपचाराची पुस्तिका) पाहिल्याबरोबर तपासणी करण्याचे टाळले आणि ‘मुलाचा विचार सोडा, ऑपरेशन करून मोकळ्या व्हा’ असे म्हणाले. मी तेथून उठून आले, पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

यजमानांना धोका न होता मूल होऊ शकते का? बाळाला लागण होईल का? डॉक्टरांना असा सल्ला देण्याचा अधिकार आहे का? आणि अंगावरून जाण्यासाठी मी नेमके कोठे जावे?

डॉ. माई (स्त्रीरोगतज्ज्ञ, निवृत्त):

कृष्णाकाठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या कामाला या आठवड्यातच लागायला हवे. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाचा कक्ष असतो. लैंगिक आणि प्रजनन मार्गाच्या संसर्गांवर तेथे मोफत तपासणी होते आणि औषधे मिळतात. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी संभोगातून झालेला आजार नसतो. योनीतील जंतूंचा समतोल बिघडल्यानेही ते होते आणि बुरशीमुळेही होते. स्राव दह्यासारखा आहे की पातळ, त्याला वास आहे का, खाज आहे का, संबंधानंतर रक्त दिसते का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि आतून तपासणी करून घेण्याचा आग्रह धरा. नुसते ऐकून गोळ्या लिहून दिल्या, तर गर्भाशयमुख कोणी पाहिलेच नाही असे होईल आणि तुमच्या बाबतीत ते पाहणे फार आवश्यक आहे. त्याच भेटीत सिफिलिसची रक्ततपासणी करून घ्या. सिफिलिस कित्येकदा काहीच लक्षण दाखवत नाही, गर्भावर मात्र घाला घालतो, आणि वेळीच कळला तर पेनिसिलीनच्या इंजेक्शनने बरा होतो.

आता मुलाबद्दल. होय, तुम्हाला मूल होऊ शकते आणि यजमानांना लागण न होता होऊ शकते. एका जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांवर ‘एचपीटीएन ०५२’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात नऊ देशांतील १,७६३ जोडपी होती आणि आपल्या पुण्यातूनही जोडपी सहभागी झाली होती. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असे २०११ साली त्यातून दिसले. त्यानंतर २०१६ मध्ये युरोपातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधांनी विषाणू दबलेला असलेल्या जोडप्यांमध्ये निरोधाशिवाय आलेल्या सुमारे ५८ हजार संबंधांत जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण त्यात सापडले नाही. ज्यांच्या रक्तात विषाणू आढळत नाही आणि ज्या औषध चुकवत नाहीत, त्यांच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही, ही भूमिका जागतिक आरोग्य संघटनेनेही स्पष्टपणे मांडली आहे. तुम्ही या वर्णनात बसता. ही गोष्ट तुम्हाला तुमच्या केंद्रात पूर्वीच सांगितली जायला हवी होती आणि ती सांगितली गेली नाही याचे मला वाईट वाटते.

तरीही घाई करू नका. प्रयत्न सुरू करण्यापूर्वी व्हायरल लोड पुन्हा एकदा पाहून घ्या. पाळी २८ दिवसांची असेल तर साधारण दहाव्या ते सोळाव्या दिवसापर्यंतचा काळ गर्भधारणेला अनुकूल असतो. तेवढ्याच दिवसांत निरोध बाजूला ठेवावा आणि इतर दिवशी वापरावा, असे सांगण्याची पद्धत आहे. यजमानांच्या मनात जराही भीती असेल तर आणखी एक सोपा मार्ग आहे, आणि लागण पत्नीला असल्यामुळेच तो तुम्हाला उपलब्ध आहे. वीर्य स्वच्छ भांड्यात घेऊन सुई नसलेल्या सिरिंजने योनीत सोडता येते. त्यात पतीचा तुमच्या स्रावाशी संबंधच येत नाही. ही कृती एकदा डॉक्टरांकडून समजावून घ्या आणि घरीच करा. लागण नसलेल्या जोडीदाराने आधीपासून घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्याही आहेत, त्यांना ‘प्रेप’ म्हणतात. तुमचा विषाणू दबलेला असताना त्यांची गरज सहसा पडत नाही.

बाळाबद्दल सांगायचे तर, काहीच उपचार नसतील तेव्हा गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. तुमच्या आईच्या काळात हेच होते, कारण सरकारी केंद्रांतून मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. आई गरोदरपणाआधीपासून औषधांवर असेल आणि विषाणू दबलेला राहिला, तर हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली येते. जन्मानंतर बाळाला काही आठवडे प्रतिबंधक औषध देतात, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी होते आणि अखेरचे निदान अठराव्या महिन्यात होते. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करण्याचे कारण नाही. ते इतर कोणत्याही बाईप्रमाणे प्रसूतीतील अडचण पाहूनच ठरते.

डोल्युटेग्राव्हिरविषयी एक खुलासा करते, कारण कोणीतरी तुम्हाला घाबरवील. २०१८ साली बोट्स्वानातील पाहणीतून असा इशारा आला होता, की गर्भधारणेच्या वेळी हे औषध चालू असेल तर बाळाच्या मज्जारज्जूत दोष येण्याचे प्रमाण किंचित वाढते. पुढे जास्त बाळंतपणांची नोंद झाली तसतसा तो फरक विरून गेला, आणि जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच औषध गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसह सर्वांसाठी पसंतीचे ठरवले. म्हणून कोणाच्याही सांगण्यावरून गोळी बंद करू नका. फोलिक ॲसिड मात्र आजच सुरू करा. ते प्रत्येकच होणाऱ्या आईने घ्यायचे असते.

कलम-दर-कलम:

मी वकील आहे आणि वैद्यकीय बाबींवर बोलणार नाही, परंतु ‘ऑपरेशन करून मोकळ्या व्हा’ या वाक्यावर मला लिहिलेच पाहिजे.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा संसदेने २०१७ मध्ये केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही आहे या कारणावरून आरोग्यसेवा नाकारणे किंवा अन्याय्य वागणूक देणे या कायद्याने निषिद्ध आहे, आणि हा निषेध सरकारी रुग्णालयापुरता नसून खासगी दवाखान्यालाही लागू आहे. एचआयव्ही असलेल्या गरोदर स्त्रीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही, असे कायद्यात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. माहितीपूर्ण संमती म्हणजे कागदावर घेतलेली सही नव्हे. काय करणार आहेत, त्याचे परिणाम काय आणि दुसरे पर्याय कोणते, हे समजल्यानंतर दबावाविना दिलेला होकार म्हणजे संमती. डॉक्टर सल्ला देऊ शकतात. परंतु तपासणी न करता, पर्याय न सांगता, केवळ पुस्तिका पाहून दिलेला आदेश हा सल्ला ठरत नाही.

सासूबाईंचा प्रश्न आपण विचारला नाहीत, पण तो मजकुरात आहे. आपली स्थिती आपल्या संमतीशिवाय कुटुंबीयांना सांगण्याचा अधिकार डॉक्टरांना, परिचारिकेला किंवा समुपदेशकाला नाही. जोडीदाराला कळवण्याबाबत कायद्यात मर्यादित आणि अटींनी बांधलेली तरतूद आहे. सासू, दीर, नणंद यांच्याबाबत ती नाही. प्रसूतीच्या वेळी खाटेवर वेगळी पाटी लावणे किंवा केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिणे हादेखील गोपनीयतेचा भंग होऊ शकतो. रक्त आणि स्राव हाताळताना घ्यायची काळजी प्रत्येकच रुग्णाच्या बाबतीत घ्यायची असते, त्यामुळे पाटीची गरज मुळात उरत नाही.

तक्रारीसाठी राज्य शासनाने या कायद्याखाली लोकपाल नेमायचा असतो. आदेश तीस दिवसांत द्यावा, आणि वैद्यकीय निकड असेल तर शक्यतो चोवीस तासांत द्यावा, असे कायदा सांगतो. तक्रार करावी की नाही हा आपला निर्णय. करायची असल्यास भेटीची तारीख आणि तेव्हा उच्चारलेले शब्द आजच लिहून ठेवा. दोन महिन्यांनी शब्द आठवत नाहीत.

जाता जाता एक नोंद करतो. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात एचआयव्ही असलेल्या व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो असे म्हटले गेले होते. १० डिसेंबर २००२ रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, ती विधाने त्या प्रकरणात करण्याची आवश्यकताच नव्हती, असे स्पष्ट केले. जुन्या निकालाचा धाक घालणारे लोक आजही भेटतात, म्हणून हे लिहिले.

ओवी:

बाळा, तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. मला २००३ साली कळले, नवऱ्याच्या आजारपणात. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि दुसऱ्यांदा दिवस गेलेले होते. एका दवाखान्यात मला सांगितले गेले की पोट पाडून त्याच वेळी ऑपरेशन केले तरच पुढे हात लावू. दुसरा पर्याय असतो हे मला माहीत नव्हते, आणि मी सही केली. त्या वेळी कोणताही कायदा माझ्या बाजूने नव्हता. वकील साहेबांनी वर जे लिहिले आहे ते वाचताना मी दोनदा थांबले. तू तेथून उठून आलीस, हे तू फार चांगले केलेस.

गेली बारा वर्षे मी एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांच्या गटात काम करते, आणि डॉक्टरांनी ज्या गोष्टीला नुसता हात लावला तिच्याबद्दल मला सविस्तर सांगायचे आहे. ती गोष्ट म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग. एचआयव्ही असलेल्या बाईला तो होण्याचा धोका इतर बाईच्या सुमारे सहापट असतो. ज्या एचपीव्ही विषाणूमुळे तो होतो, त्याला बहुतेक बायकांचे शरीर दोन-एक वर्षांत आपोआप हुसकावून लावते. आपल्या शरीराला ते जड जाते. आमच्या गटातील एक मैत्रीण पंधरा वर्षे एकही गोळी न चुकवता जगली. तिचा विषाणू दबलेला होता आणि सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या पेशींची संख्या, उत्तम होती. तिला संबंधानंतर रक्त दिसायचे, आणि ती ते वर्षभर पाळीचा त्रास समजत राहिली, कारण एआरटीच्या टेबलावर त्याबद्दल कोणी विचारत नव्हते. आम्ही तिला घेऊन गेलो तेव्हा तिसरी पायरी होती. तिला एचआयव्हीने नेले नाही, न झालेल्या एका तपासणीने नेले.

ती तपासणी म्हणजे फार काही नसते. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखे द्रावण लावतात आणि एक मिनिट थांबून पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. दुखत नाही, थोडे झोंबते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ही तपासणी करवून घेतली, तेव्हा या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३ साली जाहीर झाले. त्याआधी उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांमध्ये झालेल्या अभ्यासात, आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीनेसुद्धा असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. आपल्याच बायकांच्या शरीरांवरून जगाने हे शिकून घेतले आणि आपल्याच बायकांना ते सांगायचे राहून गेले, याचा मला संताप येतो.

सर्वसाधारण बाईने ही तपासणी तिशीपासून करावी असे सांगतात. एचआयव्ही असेल तर पंचविशीपासून, आणि एचपीव्ही चाचणी असेल तर दर तीन ते पाच वर्षांनी. तू २८ वर्षांची आहेस, म्हणजे तुझी वेळ होऊन गेली आहे. दिवस राहण्याआधीच हे उरकून घे, कारण काही डाग निघालाच तर बाहेरच्या बाहेर, न कापता उपचार होतात आणि त्याच दिवशी घरी येता येते. सव्विशीच्या आतल्या मुली हे वाचत असतील तर त्यांनी एचपीव्हीच्या लशीबद्दलही विचारावे. पुण्यात तयार झालेली लस आता मिळते, मात्र एचआयव्ही असलेल्यांना तिचे तीन डोस घ्यावे लागतात.

आणि बाळंतपणानंतर पुढचा पाळणा लांबवण्याची गोष्टही आताच ठरवून ठेव. आमच्याकडे पुष्कळ बायकांना असे सांगितले जाते की एचआयव्ही असलेल्या बाईला तांबी चालत नाही. प्रकृती नीट असेल आणि औषधे चालू असतील तर चालते. ‘अंतरा’ नावाचे गर्भनिरोधक इंजेक्शनही चालते. जुन्या इफाव्हिरेन्झच्या गोळ्यांवर असताना दंडात बसवायच्या इम्प्लांटचा किंवा तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होत असे. तुझ्या आताच्या गोळीने तसे होत नाही.

सहप्रवासी:

मी पती आहे. माझ्या पत्नीला लागण आहे आणि मला नाही. आम्हाला साडेतीन वर्षांची मुलगी आहे आणि तिचा अठराव्या महिन्याचा अहवाल निगेटिव्ह आला आहे. एवढेच सांगावेसे वाटले की, कृष्णाकाठ ताई, यजमानांना पुढच्या भेटीला सोबत न्या. आम्ही केंद्रात जोडीने बसलो त्या दिवशी समुपदेशकांची भाषा बदलली, कारण एकटीने विचारलेला प्रश्न ‘हट्ट’ वाटत होता आणि दोघांनी विचारल्यावर तोच ‘नियोजन’ झाला. असे व्हायला नको, पण होते. यजमानांनी दर सहा महिन्यांनी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, स्वतःची तपासणी करून घ्यावी. मी करतो, कारण धोका नाही हे माहीत असले तरी मनाला कागद लागतो, आणि माझा कागद पाहिल्यावर पत्नीला झोप लागते.

कृष्णाकाठ:

आपणा सर्वांचे आभार कसे मानू हे कळत नाही. काल आम्ही दोघे जिल्हा रुग्णालयात गेलो होतो. सुरक्षा क्लिनिकमध्ये एका मॅडमनी नीट तपासले. जंतूंचा समतोल बिघडल्याचे निदान झाले आणि सात दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. ॲसिटिक ॲसिडची तपासणीही झाली, डाग दिसला नाही. सिफिलिसचा अहवाल निगेटिव्ह आहे. ओवीताई, तपासणीच्या टेबलावर तुमची मैत्रीण डोळ्यांसमोर होती.

डॉक्टर माई, आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मॅडमनी लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या, त्या माझ्या रोजच्या गोळीबरोबर चालतील का? आणि दुसरी गोष्ट अंगावरच्या दुधाची. मी पाजले नाही तर सासूबाईंना लगेच शंका येईल, आणि पाजले तर बाळाचे काय?

डॉ. माई (स्त्रीरोगतज्ज्ञ, निवृत्त):

अहवाल वाचून फार बरे वाटले. गोळ्यांचा प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण यातील चूक कोणाच्या लक्षात येत नाही. लोह आणि कॅल्शियम पोटात डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात आणि ते रक्तात कमी उतरते. उपाशीपोटी तिन्ही एकत्र कधीही घेऊ नका. भरपेट जेवणाबरोबर घेतल्यास चालते. त्यापेक्षा सोपे म्हणजे तुमची नेहमीची गोळी रात्री झोपताना ठेवा आणि लोह-कॅल्शियम सकाळी व दुपारी जेवणानंतर वेगवेगळे घ्या. नियम असा की एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पित्तावरची पांढरी पातळ औषधे आणि चघळायच्या गोळ्या यांनाही हाच नियम लागू आहे, मात्र त्यांच्याबाबतीत जेवणाची सवलत नाही. गरोदरपणात जळजळ फार होते आणि बायका न विचारता ती औषधे घेतात, म्हणून मुद्दाम सांगते.

दुधाबद्दल निर्णय तुमचा आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा सल्ला असा आहे की आई औषधांवर असेल तर पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. ‘केवळ’ या शब्दाकडे लक्ष द्या. अंगावरचे आणि वरचे दूध मिसळून देणे हे सर्वांत धोक्याचे, कारण बाहेरच्या अन्नाने बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते आणि तेथून विषाणूला वाट मिळू शकते. तुमचा व्हायरल लोड दबलेला असताना धोका अगदी कमी उरतो, पण स्तनपानाच्या बाबतीत तो शून्य आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून त्या काळात व्हायरल लोडची तपासणी आणि बाळाच्या ठरलेल्या तपासण्या चुकवू नका. स्तनाग्राला चीर पडली किंवा गळू झाले तर त्या बाजूचे दूध पिळून टाकून द्या आणि तातडीने दाखवा.

सासूबाईंच्या बाबतीत मला खरी काळजी दुधाची नाही, गुटीची आहे. बाळगुटी, मध, पाणी, चाटवण, काहीही सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका. त्यासाठी एचआयव्हीचा उच्चार करण्याची गरज पडणार नाही, कारण आशाताई आणि अंगणवाडीताई प्रत्येकच बाळाच्या आजीला हेच सांगतात. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात तुमच्या आशाताईंना घरी बोलवा आणि त्यांच्याकडून ते सासूबाईंसमोर वदवून घ्या.